एका हत्तीपायी : आपल्याच माणसांवरचा वार

आपल्यापैकी काहींची मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचे, कागद, पेन्सिल आणि फासे घ्यायचे, एक टोळी करून कल्पनेतल्या भुयारात राक्षसांशी लढायचे. त्यातला एक नियम विचार करण्यासारखा आहे. जादूगाराने फेकलेला आगीचा गोळा आपला-परका ओळखत नाही. २० फुटांच्या त्रिज्येत जो सापडेल तो भाजतो, मग तो सोबती का असेना. जुन्या नियमांत तर झटापट चालू असताना सोडलेला बाण कोणाला लागणार हे फासा ठरवत असे. म्हणून शहाणा खेळाडू आधी विचारतो, "आपले कोण कुठे उभे आहेत?"

हा प्रश्न आपल्या परिसराच्या इतिहासात वेळेवर कोणी विचारला नाही, त्याची ही हकीकत.

कन्नडहून संभाजीनगरला जाताना आधी वेरूळ लागते, नंतर देवगिरी. वेरूळ हे भोसल्यांचे गाव. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे शहाजीराजांचे सासरे. दोन्ही घराणी निजामशाहीची चाकर, म्हणजे एकाच टोळीतली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त प्रसंग येतो तो असा. दरबार सुटला होता, सरदार आणि त्यांचे लोक दाटीवाटीने बाहेर पडत होते. इतक्यात खंडागळे यांचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याला आवरायला हत्यार घेऊन धावले. विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी आणि खेळोजी हत्तीच्या बचावाला आले. वार हत्तीवरून माणसांवर आला. संभाजींच्या हातून दत्ताजी पडले. मुलगा गेल्याचे कळताच लखुजी माघारी फिरले. चुलतभावांच्या बाजूने शहाजीराजे उभे राहिले, ते सासऱ्यांच्या घावाने मूर्च्छित झाले. अखेर लखुजींनी संभाजींना ठार केले.

इथे काळोख नव्हता, अनोळखी चेहरेही नव्हते. खेळातला गोळा सोबत्याला लागतो तो जागा चुकल्यामुळे. इथे प्रत्येकाला समोरचा कोण ते ठाऊक होते. पहिल्या घावाला हत्ती हे कारण होते. दुसऱ्या घावाला पहिला घाव हेच कारण पुरले. हत्ती कोणाच्या लक्षातही राहिला नसेल.

पुढे लखुजी मोगलांना मिळाले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले, तेव्हा सासरे मोगलांच्या बाजूला होते. लखुजी निजामशाहीत परतले, तरी संशय गेला नाही. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या दरबारात निजामशहाने त्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवाला दगा देऊन मारले. त्यानंतर शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने खुद्द निजामशहालाच संपवले. ज्या किल्ल्याची अंधारी शत्रूला चकवण्यासाठी खोदली होती, त्याच्या मालकांनी एकमेकांनाच असे संपवले. उरल्यासुरल्या दरबाराकडून मोगलांनी १६३३ मध्ये किल्ला घेतला, तेव्हा आत दाणागोटाही उरला नव्हता.

या सगळ्यात जिजाऊंचे काय झाले असेल? भाऊ सासरच्या माणसाच्या हातून गेला, दीर वडिलांच्या हातून. वडील मारले गेले आणि पुढे सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेर आणि सासर यांच्यातले वैर त्यांनी मुलाला वारसा म्हणून दिले नाही. शिवरायांच्या स्वराज्यात जाधवही होते आणि भोसलेही.

मित्रांनो, आपल्या बॅचमध्येही बांधावरून, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून बोलणे सोडलेले सोबती आहेत. भांडणाचा हत्ती कधीच निघून गेला, अबोला मात्र राहिला. या मेळाव्याला दोघेही येतील. जेवणाच्या पंगतीत त्यांची पाने शेजारी मांडावीत, एवढीच विनंती.