सेव्हिलचा नकाशा आणि नगरचं चौल

आजचा विषय स्पेनच्या जुन्या नकाशांचा आहे. काहींना वाटलं असेल, नगरात बसून स्पेनचे नकाशे कशाला? म्हणून सुरुवात आपल्या गावापासूनच करतो.

भिंगारजवळची लढाई १४९० ची. तिथंच, सीनेच्या काठी, अहमद निजामशहानं शहर वसवायला घेतलं ते १४९४ साली, असं गॅझेटिअर सांगतं. त्याच १४९४ च्या जूनमध्ये तोर्देसियास या गावी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी एक करार केला. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डे बेटं आहेत. त्यांच्यापासून ३७० लीग पश्चिमेला एक उभी रेघ धरायची. रेघेच्या पलीकडं जे सापडेल ते स्पेनचं, अलीकडं जे सापडेल ते पोर्तुगालचं. म्हणजे इकडं आपलं शहर उभं राहत होतं, आणि तिकडं निजामशाहीच्या चौल बंदरासमोरचा समुद्र परस्पर पोर्तुगालच्या नावावर लागला होता. इथल्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

आता बघा, कागदावर रेघ ओढणं सोपं असतं. बांधाचं भांडण ज्यानं पाहिलंय त्याला ठाऊक आहे, की खरा वाद हद्दीचा दगड कुठं रोवायचा यावर होतो. शेतात मोजणीदार येतो, साखळी टाकतो. समुद्रावर साखळी कुठं टाकणार? उत्तर-दक्षिण किती आलो हे सूर्यावरून, ध्रुवताऱ्यावरून काढता यायचं. पण पूर्व-पश्चिम किती आलो, म्हणजे रेखांश, हे समुद्रावर खात्रीनं मोजायचं साधन तेव्हा कुणाकडंच नव्हतं. जहाजाचा वेग आणि गेलेले दिवस धरून अंदाज बांधायचा, बस्स.

स्पेननं यावर एक कचेरीच उभी केली. १५०३ साली सेव्हिल शहरात ‘कासा दे कोन्त्रातासियोन’ सुरू झाली. समुद्रापारचा सगळा व्यापार तिच्या देखरेखीखाली. १५०८ साली तिथं ‘पाद्रोन रेआल’ म्हणजे सरकारी मूळ नकाशा ठेवायचा हुकूम निघाला. तलाठ्याकडचं दप्तर असतं ना, तसा. सफरीवरून परत आलेल्या प्रत्येक नाविकानं नवीन काय दिसलं ते सांगायचं, मूळ नकाशात दुरुस्ती व्हायची, आणि जहाजांनी त्याच्याच नकला वापरायच्या. तिथला पहिला मुख्य नाविक होता अमेरिगो व्हेस्पुची, ज्याच्या नावावरून अमेरिका हे नाव पडलं.

आता चौलकडं या. १५०८ सालीच चौलच्या खाडीत पोर्तुगीज हरले आणि व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. या आल्मेइदाच्या आरमारातून १५०५ साली हिंदुस्थानात आलेला एक पोर्तुगीज पुढं स्पेनच्या राजाकडं गेला. त्याचं नाव मॅगेलन. त्याचं म्हणणं असं, की लवंगांची मलुकू बेटं स्पेनच्या वाट्यात येतात आणि पश्चिमेकडून तिथं जाता येतं. १५१९ साली तो पाच जहाजं घेऊन निघाला. वाटेत, फिलिपीन्समध्ये, तो मारला गेला. १५२२ साली एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला पोचलं.

मग खरी भाऊबंदकी सुरू झाली. १५२४ साली दोन्ही राज्यांचे जाणकार सरहद्दीवर बसले, आणि निकाल न लावताच उठले. कारण रेखांश कुणालाच सिद्ध करता येईना. स्पेनकडून नकाशे काढत होता दियोगो रिबेरो, जन्मानं पोर्तुगीजच. त्याच्या १५२९ च्या जगाच्या नकाशात मलुकू बेटं स्पेनच्या हद्दीत साडेसात अंश आत दाखवली आहेत. खरं तर ती पोर्तुगालच्या हद्दीत होती. तरी त्याच वर्षी सारागोसाच्या तहात स्पेनच्या राजानं या बेटांवरचा हक्क साडेतीन लाख डुकाटांना पोर्तुगालला विकला. जे आपलं नव्हतंच, त्याचे पैसे घेतले! सातबाऱ्यावर चुकीची नोंद लावून जमीन विकणारे आपण पाहिलेत. त्यातलाच हा प्रकार, फक्त सही राजाची.

निजामशाहीला मोजणीचं वावडं होतं असं नाही. मलिक अंबरची जमीनमहसुलाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. पण दरबाराचं लक्ष जमिनीवर. समुद्राकडून हवे होते अरबी घोडे. त्यासाठी १५२१ साली बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगिजांना चौलला किल्ला बांधू दिला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं त्याच चौलला वेढा घातला, महिनोन् महिने लढला, पण चौल हाती आलं नाही.

शेवट ऐका. १५८० साली स्पेनचा राजा फिलिप पोर्तुगालच्या गादीवरही बसला. तोर्देसियासच्या रेघेची दोन्ही अंगं एकाच माणसाकडं आली. १५९४ साली चौलसमोरचा निजामशाहीचा कोर्लई किल्ला पोर्तुगिजांनी घेतला, तो याच राजाच्या अमलात. आणि १५९५ च्या अखेरीस मुघल नगरच्या किल्ल्यापुढं उभे राहिले. चांदबिबीनं तो लढवला, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या वर्षभर आधी आपला समुद्राकडचा दरवाजा गेला होता, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

चौल-कोर्लईला सहलीला जाल तेव्हा तिथल्या तटावर उभं राहून एवढं आठवा: हे नगरचं बंदर होतं.