वेगाचा शिक्षक

चपळता उपजत असावी लागते, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. हरणाच्या पाडसाला धावण्याची शिकवणी कोण देतो, असा प्रश्न विचारला की वादच मिटतो. तालमीत बळ कमावता येते, नित्याच्या मेहनतीने दम वाढवता येतो. पण पायांतला वेग मात्र दैवाचे देणे, तो ज्याला लाभला त्याला लाभला, असे मानले जाते. या समजुतीत सत्याचा अंश नाही असे नव्हे. तथापि ते संपूर्ण सत्य नाही, हे ज्या मोजक्या माणसांनी आयुष्य वेचून दाखवून दिले, त्यांत सॅम मुसाबिनी या इंग्रज शिक्षकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

1867 साली लंडनमध्ये जन्मलेल्या मुसाबिनी यांच्या कुळात अरब, तुर्की, इटालियन आणि फ्रेंच अशा अनेक रक्तांचा संगम झाला होता. त्यांचा मूळ व्यवसाय पत्रकाराचा. बिलियर्ड्सच्या खेळावर ते अधिकारवाणीने लिहीत. पुढे सायकलस्वारांना आणि त्यानंतर धावपटूंना ते शिकवू लागले. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची शर्यत जिंकणारा दक्षिण आफ्रिकेचा रेजी वॉकर हा त्यांचाच शिष्य. 1913 पासून लंडनच्या पॉलिटेक्निक हॅरिअर्स या संस्थेत त्यांनी शिकवण्याचे काम पत्करले आणि ते अखेरपर्यंत निभावले.

परंतु त्या काळच्या इंग्लंडात अशा शिक्षकाला मान नव्हता. खेळ हा सभ्य गृहस्थाचा छंद. त्यासाठी पैसा घेणे हलकेपणाचे आणि फार मेहनत करणे काहीसे अशोभनीय, अशी तेथील उच्च वर्गाची धारणा होती. नामांकित महाविद्यालयांतील तरुण अंगच्या गुणांवर धावत आणि त्याचाच अभिमान बाळगत. वेतन घेऊन धावणे शिकवणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीने घोड्यांची निगा राखणाऱ्या चाकराहून फारसा निराळा नव्हता.

अशा वातावरणात केंब्रिजचा एक विद्यार्थी मुसाबिनींकडे गेला. त्याचे नाव हॅरल्ड अब्राहम्स. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तो 100 मीटरच्या शर्यतीत उतरला होता, पण उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचू शकला नाही. त्याच अँटवर्पमध्ये मुसाबिनींच्या आल्बर्ट हिल या शिष्याने 800 आणि 1500 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. हिलचे वय तेव्हा तिशी ओलांडून गेले होते. केवळ उपजत गुणांवर विसंबलेला तरुण मागे राहिला आणि शिकवणी घेतलेला प्रौढ दोन सुवर्णपदके घेऊन घरी गेला. या घटनेतला धडा स्पष्ट होता.

अँटवर्पच्या त्या मैदानाशी मराठी वाचकाचेही एक नाते आहे. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ तेथेच उतरला होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत धावणारी खेड्यापाड्यांतील माणसे पाहून सर दोराबजी टाटा यांना हा संघ पाठवण्याची प्रेरणा झाली होती. या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले आणि 2 तास 50 मिनिटांच्या आसपास त्यांनी ते अंतर कापले. कृष्णा-घटप्रभेच्या मुलखातील माणसाच्या अंगी केवढा दम असतो, हे त्यांनी जगाला दाखवले. पण 100 मीटरमध्ये आपले पूर्मा बॅनर्जी पहिल्याच फेरीत मागे पडले. दम आणि वेग या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली कष्टाच्या जीवनातून काही अंशी आपोआप अंगी येते, दुसरीला मात्र बारीक नजरेचा शिक्षक लागतो.

ती बारीक नजर मुसाबिनींपाशी होती. धावताना काय घडते, हे साध्या डोळ्यांना नीट दिसत नाही. 1878 साली एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत दौडत्या घोड्याची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेतली, तेव्हा कुठे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे निश्चित झाले. मुसाबिनींनी अशा चित्रांचा अभ्यास करून धावपटूची एकेक हालचाल सुटी करून पाहिली.

अब्राहम्सचा दोष त्यांना दिसला तो लांब ढांगांचा. वेग म्हणजे पावलाची लांबी आणि पावलांची गती यांचा गुणाकार. तेव्हा ढांग जितकी लांब तितका वेग अधिक, असे वरवर वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पाऊल शरीराच्या भारापुढे फार दूर पडले, तर ते धावणाऱ्याला पुढे न्यायच्या ऐवजी क्षणभर मागे रेटते. प्रत्येक पावलाला थोडा लगाम बसतो, आणि असे चाळीस-पन्नास लगाम मिळून शर्यत हातची जाते. म्हणून मुसाबिनींनी त्याची ढांग किंचित आखूड केली. पावले नेमकी कोठे पडावीत याच्या खुणेसाठी धावपट्टीवर कागदाचे तुकडे ठेवले जात आणि अब्राहम्सने ते बुटाच्या खिळ्यांनी अचूक टिपावेत असा सराव चाले.

दुसरा धडा हातांचा. पायांची चाल हातांच्या चालीवर अवलंबून असते, असे मुसाबिनी मानत. म्हणून हातांच्या हालचालीला वळण लावण्यावर त्यांचा कटाक्ष असे. तिसरा धडा सुरुवातीचा. त्या काळी आजच्यासारखे पायांना आधार देणारे ठोकळे नव्हते. ते 1948 च्या ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरले गेले. धावपटू लहानशा खुरप्याने मातीत खळगे खणून त्यांत पाय रोवत. खो-खोच्या पाटीवर बसलेला गडी खो मिळताच उठतो, तेव्हा पहिल्या दोन पावलांवरच गडी बाद होणार की निसटणार हे ठरते. शर्यतीचेही तसेच आहे. चौथा धडा शेवटचा: फीत जवळ येताच छाती नेमक्या क्षणी पुढे झुकवण्याचा. आधी झुकले तर तोल जातो, उशिरा झुकले तर शर्यत जाते.

या शिकवणीची परीक्षा 1924 साली पॅरिसमध्ये झाली. 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत चार अमेरिकन, न्यूझीलंडचा आर्थर पॉरिट आणि अब्राहम्स असे सहाजण होते. अमेरिकनांत 1920 चा विजेता चार्ली पॅडक होता. आदल्या दिवशी आणि त्याच दुपारी झालेल्या फेऱ्यांतून अब्राहम्स पुढे आला होता. उपांत्य फेरीत तर सुरुवातीला मागे राहूनही त्याने 10.6 सेकंदांत शर्यत जिंकली. 7 जुलैच्या संध्याकाळी अंतिम शर्यतही त्याने 10.6 सेकंदांतच जिंकली. ऑलिंपिकच्या 100 मीटरमध्ये पहिला आलेला तो पहिला युरोपीय.

आणि शिक्षक कोठे होता? मैदानात त्याला स्थान नव्हते. क्रीडांगणाजवळच्या एका खोलीत मुसाबिनी एकटे बसून होते. शर्यत त्यांना दिसली नाही. काही वेळाने वाऱ्यावरून ब्रिटिश राष्ट्रगीताचे सूर आले, ध्वज वर चढताना दिसला, आणि आपला विद्यार्थी जिंकला हे त्यांना कळले. आनंदाच्या भरात त्यांनी आपल्या गवती हॅटमधून मूठ आरपार घातली, असे सांगतात. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पदके नेली. त्यांच्या वाट्याला ती एक फाटकी हॅट आली. तीन वर्षांनी, 1927 साली, त्यांचे निधन झाले.

पण त्यांनी दाखवलेली वाट बंद झाली नाही. अमेरिकेत सॅन होजे येथे लॉइड विंटर यांनी तिला नवे वळण दिले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या तरुण वैमानिकांना मनावरचा व शरीरावरचा ताण सैल करण्यास त्यांनी शिकवले होते. तेच तत्त्व त्यांनी धावपटूंना लावले. जबडा आवळून, मुठी घट्ट करून धावणारा मनुष्य स्वतःशीच झुंजतो. म्हणून सर्वस्व पणाला लावतानाही चेहरा आणि हात सैल राहिले पाहिजेत, अशी त्यांची शिकवण. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांच्या टॉमी स्मिथने 200 मीटर 19.83 सेकंदांत आणि ली इव्हान्सने 400 मीटर 43.86 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केले. मुसाबिनींनी पावलातला लगाम काढला, विंटर यांनी स्नायूंतला. वेग वाढवण्याची विद्या ही बहुतांशी अडथळे दूर करण्याची विद्या आहे, हे दोघांच्या कामावरून ध्यानात येते.

भारतातही हे प्रत्यक्ष दिसले. केरळच्या एका क्रीडा शाळेत ओ. एम. नंबियार या शिक्षकांनी पी. टी. उषा या कृश मुलीतले गुण हेरले आणि वर्षानुवर्षे तिला घडवले. 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ती 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 55.42 सेकंदांत आली. तिसऱ्या क्रमांकाची रुमानियन स्पर्धक 55.41 सेकंदांत. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकले. इतक्या सूक्ष्म अंतराच्या जगात एका पावलाची चूक, छाती झुकवण्यातला निमिषाचा उशीर यांना केवढे मोल असते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, भारत सरकारने क्रीडाशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते आणि त्यांच्या बरोबरीने कुस्तीचे शिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते. इंग्लंडनेही आपली चूक अंशतः दुरुस्त केली. 1998 पासून तेथे उत्तम प्रशिक्षकांना मुसाबिनींच्या नावाचे पदक दिले जाऊ लागले, आणि 2012 साली, लंडनमध्ये पुन्हा ऑलिंपिक भरले त्या वर्षी, त्यांच्या हर्न हिल भागातील घरावर स्मृतिफलक लागला.

हा न्याय उशिरा झाला, पण झाला. गावोगावच्या शाळांत आजही खेळाचा तास हा रिकामा तास समजला जातो. मुले मैदानात सोडून दिली जातात आणि जो उपजत चपळ तो पुढे येतो. मागे राहिलेल्यांतही एखादा अब्राहम्स असेल. त्याची ढांग कोठे चुकते, मुठी का आवळल्या जातात, हे पाहणारा कोणी कडेला उभा असला पाहिजे. हरणाच्या पाडसाला शिक्षक लागत नसेल. माणसाच्या मुलाला मात्र तो लागतो.