चंद्रावरची आपली नावे

मुस्लिम विद्वानांनी खगोलशास्त्रात मोलाची भर घातली, हे वाक्य आपल्या जलशांत आणि शाळांच्या भाषणस्पर्धांत हमखास ऐकू येते. ते खरेही आहे. पण ते पाठ करणाऱ्या मुलामुलींपैकी कितीजणांनी दुर्बिणीला डोळा लावला आहे?

१६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि तेथे डोंगर-दऱ्या आहेत हे दाखवून दिले. १६५१ मध्ये इटलीतील रिचोली या धर्मगुरूने आपल्या ग्रंथात चंद्राचा नकाशा छापला आणि तेथल्या विवरांना खगोलशास्त्रज्ञांची नावे दिली. त्यांत ग्रीक आणि युरोपीय विद्वानांबरोबर आपलेही होते. ही नावे आज लॅटिन वळणाने रूढ आहेत. अल्बाटेग्निअस म्हणजे अल्-बत्तानी, अर्झाचेल म्हणजे अल्-झरकाली.

या दोघांच्या काळी दुर्बीण नव्हती. अल्-बत्तानींनी रक्का येथे सुमारे ४० वर्षे आकाशाचे वेध घेतले. त्यांनी काढलेले वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४६ मिनिटे, २४ सेकंदांचे होते. आजच्या हिशेबाशी त्याचा फरक अडीच मिनिटांहून कमी आहे. अल्-झरकाली हे अकराव्या शतकातील टोलेडोचे धातुकाम करणारे कारागीर. विद्वानांसाठी उपकरणे घडवता घडवता ते स्वतःच वेध घेऊ लागले. एकाची चिकाटी आणि दुसऱ्याचे हातातले कसब, यांच्या बळावर ही नावे चंद्रावर पोहोचली.

अलीकडचे उदाहरण हैदराबादचे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये तेथे निजामिया वेधशाळेचा पाया घातला आणि तिच्यासाठी १५ इंची दुर्बीण मिळवली. १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. या विद्यापीठात त्या काळी उर्दूतून शिक्षण दिले जाई, आणि मराठवाडाही त्याच संस्थानात होता. एका नवाबाचा शौक असा विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला.

शाळेला १५ इंची दुर्बीण नको, तीन इंचीही पुरते. चांदरातीनंतर सहाव्या-सातव्या संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्यावे. पौर्णिमेला सावल्या नसतात, म्हणून विवरे सपाट दिसतात. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेलगत अल्-बत्तानी आणि अल्-झरकाली यांची विवरे ठळक दिसतात. दुर्बिणीतून चित्र उलटे दिसते, हे आधी सांगावे. सूर्याकडे ती कधीही वळवू नये, हे बजावून सांगावे. प्रत्येकाला दोन मिनिटे पाहू द्यावे आणि जे दिसले ते वहीत काढायला लावावे.

हिलाल शोधायला आपली मुले दर ईदला गच्चीवर जातातच. आठवडाभराने त्यांना पुन्हा वर न्यावे, एवढेच शिक्षकांच्या हाती आहे. पूर्वजांची नावे पाठ असणे चांगलेच. पण त्यांचा खरा वारसा रोज रात्री आकाश पाहून नोंद ठेवण्याचा आहे, आणि तो मुलांच्या वहीतूनच पुढे जाईल.