ओऑथ : स्लॅकमधील ॲपची अधिकृती
स्लॅक या कार्यालयीन संवादमंचाला बाहेरचे ॲप जोडताना वापरकर्त्याचा पासवर्ड न घेता मर्यादित अधिकार मिळवण्याची पद्धत. ती ओऑथ २.० या खुल्या मानकावर आधारलेली असून हे मानक ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ म्हणून प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती : ॲपची नोंदणी केल्यावर विकसकाला क्लायंट आयडी आणि गुप्त ठेवायचे क्लायंट सिक्रेट मिळते. परतीचा पत्ता व लागणारे अधिकार, म्हणजे ‘स्कोप’, आधी ठरवावे लागतात, उदा., ‘चॅट:राइट’ या स्कोपमुळे ॲपला संदेश पाठवता येतो. वापरकर्त्याने संमती दिली की परतीच्या पत्त्यावर तात्पुरता कोड येतो. त्याची मुदत दहा मिनिटांची असते. ॲपचा सर्व्हर हा कोड सिक्रेटसह स्लॅककडे पाठवून त्याबदल्यात टोकन, म्हणजे मिळालेले अधिकार वापरण्याची अक्षररूपी किल्ली, घेतो. बॉटचे टोकन ‘एक्सओएक्सबी’, तर व्यक्तीचे ‘एक्सओएक्सपी’ या अक्षरांनी सुरू होते.

सुरक्षितता : विनंतीसोबत ‘स्टेट’ हे यादृच्छिक मूल्य पाठवून ते परतताना ताडून पाहिल्यास बनावट विनंत्या ओळखता येतात. स्कोप गरजेपुरतेच मागावेत. टोकन सर्व्हरवरच ठेवावे. ते उघड झाल्यास तत्काळ रद्द करावे. कार्यक्षेत्राचा प्रशासक ॲप जोडण्यापूर्वी स्वतःची मंजुरी सक्तीची करू शकतो.