ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रेल्वेच्या शयनयानांमध्ये प्रवाशांची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय परिचरांची, म्हणजे पोर्टरांची, कामगार संघटना. तिची स्थापना २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात झाली. एखाद्या बड्या अमेरिकन कंपनीला वेतनकरार करण्यास भाग पाडणारी कृष्णवर्णीयांची ही पहिली संघटना होय.

यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना जॉर्ज पुलमन याच्या शयनयाने चालविणाऱ्या कंपनीने पोर्टर म्हणून मोठ्या संख्येने नेमले. बिछाने घालणे, सामान वाहणे, बूट पुसून चकचकीत करणे अशी कामे त्यांच्याकडे असत. कंडक्टरची जागा मात्र गौरवर्णीयांसाठीच राखलेली असे. पुऱ्या पगारासाठी महिन्याला सुमारे ४०० तास काम किंवा ११,००० मैलांचा प्रवास भरावा लागे आणि गाडी सुटण्यापूर्वी डबा सज्ज करण्यात गेलेल्या वेळेचा मोबदला मिळत नसे. १९२६ मध्ये मासिक किमान वेतन ६७.५० डॉलर होते, त्यामुळे पोर्टरांची सारी भिस्त प्रवाशांच्या बक्षिसीवर असे आणि बुटांच्या पॉलिशचा खर्चही त्यातूनच करावा लागे. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत या हाकेत टिकून होती. म्हणूनच पगारवाढीइतकीच स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याची मागणीही पोर्टरांना जिव्हाळ्याची वाटे.

संघटनेचे नेतृत्व ए. फिलिप रँडॉल्फ (१८८९–१९७९) यांच्याकडे सोपविण्यात आले. ‘द मेसेंजर’ या मासिकाचे हे समाजवादी संपादक पुलमन कंपनीचे नोकर नसल्याने कंपनीला त्यांना कामावरून काढून टाकणे शक्य नव्हते. शिकागोत मिल्टन वेबस्टर आणि ओकलंडमध्ये सी. एल. डेलम्स यांनी संघटनेची बांधणी केली. कंपनीने मालकधार्जिणी संघटना पुढे केली, खबरे नेमले आणि सभासदांना बडतर्फ केले. १९२८ मध्ये जाहीर केलेला संप ऐनवेळी मागे घ्यावा लागल्यावर संघटनेला मोठी ओहोटी लागली. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन पोर्टर त्याच्या कक्षेत आले, पुढील वर्षी प्रतिनिधित्वासाठीच्या मतदानात संघटनेचा विजय झाला आणि अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी करारावर सह्या झाल्या. या कराराने वेतन वाढले आणि महिन्याचे कामाचे तास २४० वर आले.

संघटनेने पुढे हा लढा रेल्वेबाहेर नेला. संरक्षण उद्योगांत कृष्णवर्णीयांना नोकऱ्या नाकारल्या जात असल्याने रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याची घोषणा केली. मोर्चा निघण्यापूर्वीच, २५ जून रोजी, अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी या उद्योगांतील भेदभावाला मनाई करणारा आदेश काढला. गांधीजींच्या सत्याग्रहाचा प्रभाव असलेल्या रँडॉल्फ यांनी १९४८ मध्ये सैन्यातील वर्णभेदाविरुद्ध सविनय कायदेभंगाचा इशारा दिला आणि त्याच वर्षी अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश दिला. माँटगोमेरी शहरातील वर्णभेदाविरुद्धच्या १९५५ च्या बस-बहिष्काराच्या उभारणीत पुढे असलेले ई. डी. निक्सन हे पोर्टर आणि या संघटनेच्या स्थानिक शाखेचे पुढारी होते.

कामगार चळवळीच्या आतही हा संघर्ष टळला नाही. अनेक गौरवर्णीय संघटना कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारीत किंवा त्यांना वेगळ्या शाखांत कोंबीत. त्याबद्दल रँडॉल्फ यांनी अमेरिकेतील कामगार महासंघाच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे आवाज उठविला आणि १९५९ मध्ये या प्रश्नावरून महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी यांच्याशी त्यांची उघड चकमक झाली.

नागरी हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्व रँडॉल्फ यांनीच केले. रेल्वेप्रवास घटल्याने सभासदसंख्या रोडावलेली ही संघटना १९७८ मध्ये रेल्वे व विमान कंपन्यांतील लिपिकांच्या संघटनेत विलीन झाली. पोटाचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न एकाच झेंड्याखाली लढवून तिने नागरी हक्कांच्या चळवळीला संघटनेची शिस्त आणि अनुभवी कार्यकर्ते दिले; १९६३ च्या मोर्चाच्या नावातच ‘स्वातंत्र्या’च्या जोडीने ‘रोजगार’ हा शब्द होता, आणि ती या संघटनेने घडविलेल्या विचाराचीच फलश्रुती होती.