सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअरची कुळकथा

डेटाबेसच्या क्लासात पहिल्या दिवशी फळ्यावर जी ओळ पडते ती बहुतेक वेळा अशीच काहीतरी असते: 'सिलेक्ट नाव फ्रॉम कर्मचारी व्हेअर विभाग = खेळणी'. कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून खेळण्यांच्या विभागातल्यांची नावं काढ, एवढंच. कळायला दोन मिनिटं पुरतात. ही ओळ, त्या खेळण्यांच्या विभागासकट, 1974 सालच्या एका शोधनिबंधात भेटते. लिहिणारे दोघे आयबीएममधले तरुण संशोधक, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस. निबंधात त्यांनी आपला वाचकही सांगून ठेवला होता. ही भाषा हिशेबनीस, इंजिनिअर, वास्तुविशारद, नगररचनाकार यांच्यासाठी. फक्त प्रोग्रॅमरांसाठी नव्हे!

त्याआधी अशा साध्या प्रश्नाला पानंच्या पानं प्रोग्रॅम लागायचा. साठच्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेसाठी आयएमएस नावाची प्रणाली उभी केली. यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळायची होती. यानात टप्पा, टप्प्यात इंजिन, इंजिनात पंप, पंपात बोल्ट, अशी झाडासारखी रचना त्या कामाला चपखल बसली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी वेगळा रस्ता धरला. तिथे नोंदी एकमेकींना साखळ्यांनी जोडलेल्या असत. पण दोन्हीकडे प्रोग्रॅमरने स्वतः वाट काढत एका नोंदीवरून दुसरीवर जायचं. बाखमन यांना 1973 साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या भाषणाचा विषयच मुळी 'प्रोग्रॅमर हाच नावाडी' असा होता. नावाडी पटाईत असला तर ठीक. पण साठवणुकीची मांडणी बदलली की जुन्या वाटा बंद, आणि त्या वाटांवर लिहिलेले सगळे प्रोग्रॅमही बंद.

यातली मूळ अडचण तलाठ्याच्या दप्तरात चांगली दिसते. सातबारा निघतो तो गटवार: या गटाचे मालक कोण, पीक काय. आठ-अ निघतो खातेवार: या खातेदाराची गावात एकूण जमीन किती, कोणकोणत्या गटांत. माहिती तीच, फक्त बघायची बाजू निराळी. समजा, सगळं गटाखालीच कोंबून ठेवलं, तर एका खातेदाराची जमीन मोजायला गावचे सगळे गट उलटावे लागतील, आणि त्याच्या नावात दुरुस्ती झाली तर ती प्रत्येक गटाखाली करावी लागेल. एखादा गट राहिला की एकाच माणसाची दोन नावं. झाडाची रचना एका बाजूने विचारलेल्या प्रश्नांना भराभर उत्तरं देते, दुसरीकडून विचारलं की अडते.

एडगर कॉड यांना खुपत होतं ते नेमकं हेच. कॉड इंग्लंडच्या डॉर्सेटमधले, ऑक्सफर्डचे गणिती, महायुद्धात रॉयल एअर फोर्सचे वैमानिक. 1948 मध्ये ते आयबीएममध्ये लागले. अमेरिकेतल्या मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टविरोधी वातावरणाला कंटाळून काही वर्षं कॅनडात गेले आणि पुढे परतून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आले. 1969 साली त्यांनी कंपनीअंतर्गत एक अहवाल लिहिला आणि 1970 च्या जूनमध्ये त्याचं सुधारित रूप संगणकशास्त्राच्या अग्रगण्य मासिकात छापून आलं. त्यांचं म्हणणं असं: सगळी माहिती सपाट टेबलांत ठेवा. दोन टेबलांमधला दुवा म्हणजे लपलेली साखळी नको, समोर दिसणारी किंमत हवी. गट क्रमांक इथेही आहे आणि तिथेही आहे, तेवढं जोडायला पुरे. शिकणाऱ्याला आज आपण प्रायमरी की, फॉरेन की आणि जॉइन शिकवतो ते एवढ्याचसाठी. टेबलाला कुठलीच बाजू कायमची नसते, त्यामुळे प्रश्न कुठूनही विचारता येतो.

आयबीएमला हे पचलं नाही. आयएमएस चांगला पैसा देत होतं, मग आपल्याच दुकानासमोर दुसरं दुकान कोण थाटतं? शिवाय कॉड लिहायचे गणिती चिन्हांत, ती वाचून व्यवस्थापक मंडळी पळायची. चेंबरलिन आणि बॉइस तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत होते. 1972 मध्ये कॉड तिथे बोलायला आले. चेंबरलिन यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की, ज्या प्रश्नांना जुन्या पद्धतीत पाच-पाच पानं लागत, ते कॉड एका ओळीत मांडत गेले, आणि ऐकणारे थक्क झाले. मग या दोघांनी एकमेकांना अवघड प्रश्न घालायचा खेळच मांडला. त्यातला गाजलेला प्रश्न: आपल्या साहेबापेक्षा जास्त पगार घेणारे कर्मचारी कोण?

त्यांची पहिली भाषा होती 'स्क्वेअर'. तिच्यात अक्षरांखाली बारीक अक्षरं लिहावी लागत, आणि ती कीबोर्डवर उमटत नसत. 1973 मध्ये दोघे सॅन होजेला आले आणि चिन्हं टाकून त्यांनी साधे इंग्रजी शब्द घेतले. तीच 'सीक्वल'. वरचा प्रश्न आजच्या रूपात असा लिहितात: 'सिलेक्ट क.नाव फ्रॉम कर्मचारी क, कर्मचारी म व्हेअर क.साहेब = म.क्रमांक अँड क.पगार > म.पगार'. टेबल एकच, पण ते दोनदा मांडलंय, एकदा नोकर म्हणून आणि एकदा साहेब म्हणून. साहेब शोधायचा कसा, नोंदी कोणत्या क्रमाने उलटायच्या, याचं अवाक्षर त्यात नाही. ही ओळ ज्याला स्वतःहून सुचली त्याला जॉइन कळला असं मी खुशाल समजतो.

भाषा खरोखर सोपी आहे का, हे बघायला फिलिस राइस्नर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्क्वेअर आणि सीक्वल शिकवून त्यांच्या परीक्षा घेतल्या. विद्यार्थ्यांत प्रोग्रॅमिंग येणारे होते, तसे न येणारेही. संगणकाची भाषा माणसांवर तपासून बघायची ही रीत तेव्हा दुर्मीळच होती. बॉइस मात्र पुढचं काही बघायला उरले नाहीत. सीक्वलचा निबंध वाचला गेला त्यानंतर काही आठवड्यांतच, 1974 च्या जूनमध्ये, मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने ते गेले. तिशीही गाठली नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री 'बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म' हा टेबलं नीट पाडायचा नियम घोकणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

सीक्वल हे नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून ते आक्रसून एसक्यूएल झालं.

खरी शंका वेगाची होती. वाट माणसाने काढायची नाही, तर मग यंत्र ती शहाणपणाने काढणार कशावरून? सॅन होजेच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं आणि 1979 मध्ये छापलं. टेबलात नोंदी किती, इंडेक्स आहे का, एखाद्या अटीतून साधारण किती नोंदी गळतील, याचा अंदाज घेऊन यंत्राने निरनिराळ्या वाटांचा खर्च मांडायचा आणि स्वस्तातली वाट धरायची. माझ्या मते या कुळकथेत सेलिंजर यांना मिळतो त्याहून मोठा मान मिळायला हवा. हा हिशेब जमला नसता तर कॉड यांचा विचार कागदावरच राहिला असता.

फायदा आधी उचलला तो दुसऱ्यानेच. आयबीएमने शोधनिबंध खुलेपणाने छापले, लॅरी एलिसन आणि त्यांच्या भागीदारांनी ते वाचले आणि 1979 मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. पहिल्याच मालावर आवृत्ती 'दोन' असं लिहिलं होतं, कारण पहिली आवृत्ती विकत कोण घेणार? आयबीएमची एसक्यूएल/डीएस आली 1981 मध्ये आणि डीबी2 1983 मध्ये. बर्कली विद्यापीठाच्या इंग्रेस प्रकल्पाची 'क्वेल' ही प्रतिस्पर्धी भाषा जास्त नेटकी होती असं मानणारे आजही आहेत, पण 1986 मध्ये अमेरिकेत एसक्यूएल अधिकृत प्रमाण ठरली आणि तो वाद संपला. तोवर हा विषय क्रमिक पुस्तकांत शिरला होता. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलं मुखपृष्ठावर होडी असलेलं जाडजूड पुस्तक कोर्थ आणि सिल्बरशाट्झ यांचं. नंतरच्या आवृत्त्यांत आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन हेही त्याचे लेखक झाले.

आणि तो हिशेबनीस? त्याच्या हाती 1979 मध्येच व्हिजिकॅल्क नावाची स्प्रेडशीट पडली आणि तो तिकडे रमला. एसक्यूएल आली ती प्रोग्रॅमरांच्याच वाट्याला.

कॉड यांना 1981 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पण आपल्या नावावर वाढलेल्या या भाषेवर ते खूश नव्हते. त्यांच्या गणितात टेबल म्हणजे संच, आणि संचात एक नोंद दोनदा येऊच शकत नाही. सिस्टिम आरवाल्यांनी मात्र व्यवहार पाहिला: दुहेरी नोंदी गाळायला वेळ लागतो, मग ज्याला हवं त्याने सांगून गाळाव्यात. ऐंशीच्या दशकात कॉड यावर टीका करत राहिले, तोवर प्रमाण पक्कं झालं होतं. म्हणून आजही नवशिक्या 'सिलेक्ट विभाग फ्रॉम कर्मचारी' लिहितो, खेळण्यांचा विभाग ओळीने चाळीसदा बघतो, आणि मग कुणीतरी त्याला सिलेक्टच्या पुढे 'डिस्टिंक्ट' लिहायला सांगतं.