पॉम्पेईची सहल, वाईन आणि रोमनांची द्राक्षाची काकवी

एप्रिल-मे जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक वेगळ्या प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना काहीही झालेलं नसतं. ते युरोपला निघालेले असतात आणि सोबत न्यायच्या गोळ्यांची यादी करून घ्यायला आलेले असतात. मागच्या वर्षी अशाच एक काकू आल्या. डायबेटिस, फॅटी लिव्हर, वय साठच्या जवळ. त्यांच्या इटलीच्या कार्यक्रमात नेपल्सहून एक दिवसाची सहल होती: सकाळी पॉम्पेईचे अवशेष, दुपारी व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावरच्या द्राक्षमळ्यात जेवण आणि वाईन टेस्टिंग. त्यांनी जरा लाजतच विचारलं, "डॉक्टर, घोटभर घेतली तर चालेल ना? हृदयाला चांगली असते म्हणे. आणि रोमन लोक तर रोजच घ्यायचे."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता आलं, ते खाली सांगतो. पण "रोमन लोक तर रोजच घ्यायचे" हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ते नेमकं काय घ्यायचे, हे कळलं तर तुमची पॉम्पेईची सहल नुसते दगड पाहण्यापुरती राहणार नाही. म्हणून हा लेख.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. तारीख पूर्वी २४ ऑगस्ट मानली जायची. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला. त्यातली तारीख ऑक्टोबरच्या मध्याची असल्यामुळे आता उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. याला आधीपासून एक पुरावा होताच. आसपासच्या शेतघरांत वाईनचे रांजण भरून, झाकणं बंद करून ठेवलेले सापडले होते. म्हणजे द्राक्षांची तोडणी उरकली होती आणि रस आंबायला ठेवलेला होता. एका शहराच्या मृत्यूची तारीख ठरवायला वाईनची मदत होते, हे मला फार विलक्षण वाटतं.

हे रांजण आपल्या माजघरातल्या रांजणांसारखेच, फक्त कितीतरी मोठे. त्यांना ते 'दोलियम' म्हणत. ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असत, कारण मातीत तापमान फारसं वरखाली होत नाही. पॉम्पेईजवळ बोस्कोरेआले इथल्या एका छोट्या शेतघरात असे १८ रांजण मिळाले. शहराच्या तटबंदीच्या आतही, अँफिथिएटरजवळच, एक मोठं मोकळं मैदान होतं. तिथे गुरांचा बाजार भरत असावा असं अनेक वर्षं समजलं जाई. विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन संशोधक बाईंनी ते उकरलं. मुळं कुजून गेल्यावर राखेत ज्या पोकळ्या उरल्या होत्या त्यांत त्यांनी सिमेंट ओतलं, आणि २,००० पेक्षा जास्त द्राक्षवेलींची मुळं उभी राहिली. गुरांचा बाजार कसला, तो तर भर शहरातला द्राक्षमळा होता! पॉम्पेईत मृत माणसांचे जे पुतळे तुम्हाला दाखवले जातात तेही याच युक्तीने, १८६३ पासून, पोकळीत प्लास्टर ओतून केलेले आहेत. १९९६ नंतर या जुन्या जागांवर पुन्हा वेली लावल्या गेल्या आणि आज तिथल्या द्राक्षांची वाईनही बनते.

गाइड तुम्हाला रस्त्याकडेची खाण्यापिण्याची दुकानं दाखवेल. दगडी ओटा आणि त्यात बसवलेली मडकी असं त्यांचं स्वरूप असतं. २०२० मध्ये असं एक दुकान पूर्ण उघडं केलं गेलं. त्यातल्या एका मडक्याच्या तळाशी भरडलेले बाकल्याचे दाणे मिळाले. वाईनचा रंग आणि चव सुधारण्यासाठी ते घालत. दुसऱ्या एका गुत्त्याच्या भिंतीवर भावफलकच होता: साध्या वाईनला एक नाणं, बऱ्यापैकी वाईनला दोन, आणि फालेर्नियन हवी असेल तर चार. खुद्द पॉम्पेईच्या वाईनबद्दल प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की ती प्यायल्यावर डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखतं. हा प्लिनी त्याच उद्रेकात, पॉम्पेईपासून जवळच, समुद्रकिनाऱ्यावर मरण पावला.

आता मुद्द्यावर येतो. रोमनांची वाईन आजच्यासारखी नव्हती. ती पाणी घालून पीत. नुसती पिणं हे रानटीपणाचं लक्षण समजलं जाई. मातीच्या भांड्यांना आतून राळ लावलेली असे, त्यामुळे वाईनला राळेचा वास येई. ती टिकतही नसे, लवकर आंबट होई. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे द्राक्षाची काकवी. कोल्हापूरकडे उसाचा रस कढईत आटवून काकवी करतात ना, अगदी तसाच द्राक्षाचा ताजा रस निम्मा किंवा एक तृतीयांश उरेपर्यंत आटवायचा. या पाकाला 'देफ्रुतुम' किंवा 'सापा' म्हणत. वाईन गोड करायला, ती टिकवायला, फळं मुरवायला, स्वयंपाकात, सगळीकडे तो वापरला जाई.

आणि ही काकवी आटवायची कढई कशाची असावी? शेतीवर लिहिणारा कोलुमेला आणि हा प्लिनी, दोघेही सांगतात: शिशाची. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या भांड्यात नको, त्यात चव बिघडते.

आपल्या घरातल्या जुन्या बायकांना हे कारण लगेच कळेल. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं तर ते कळकतं, हिरवट होतं, चव तुरट-कडवट लागते, पोटात मळमळतं. आंबट पदार्थातलं आम्ल तांब्याशी संयोग पावतं म्हणून हे होतं. रोमनांना ही कळक नको होती. शिशाच्या भांड्यात ती येत नाही, उलट पाक जास्त गोड लागतो! कारण द्राक्षरसातलं अ‍ॅसेटिक आम्ल आणि शिसं मिळून लेड अ‍ॅसिटेट तयार होतं आणि ते चवीला साखरेसारखं गोड असतं. म्हणजे ज्या भांड्याने जीभ सावध करायला हवी होती, त्यानेच तिला फसवलं. या जुन्या कृती अलीकडच्या काळात संशोधकांनी शिशाच्या भांड्यात करून पाहिल्या, तेव्हा पाकात लिटरला शेकडो मिलिग्रॅम शिसं उतरलं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

शिसं शरीरात जाऊन काय करतं? हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एन्झाइम्सना ते अडवतं, म्हणून रक्त कमी होतं. आतड्यांच्या नसांवर परिणाम होऊन पोटात भयंकर कळा येतात आणि सोबत हट्टी बद्धकोष्ठता असते. मनगट उचलता येत नाही. मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड नीट बाहेर पडत नाही, त्यातून संधिवाताचा एक प्रकार, गाऊट, होतो. आणि शरीरातलं बहुतेक शिसं हाडांत जाऊन बसतं, ते अनेक वर्षं तिथेच राहतं.

हे सगळं मी पुस्तकातून वाचलेलं होतं. तरीही बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे वारंवार पोटदुखीसाठी येत होता, तेव्हा मला ते सुचलं नाही. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, हिमोग्लोबिन कमी. मी महिनाभर लोहाच्या गोळ्या दिल्या, अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, आणि खरं सांगायचं तर 'टेन्शन घेऊ नका' असंही म्हणालो. शेवटी रक्ताची काच पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने फोन केला की तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसताहेत, काम काय करतो विचारा. तो घरामागच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता. मी त्याला नाव, वय, जेवण, झोप सगळं विचारलं होतं. काम विचारलं नव्हतं.

माझी ही चूक निदान जुनी आणि प्रतिष्ठित आहे, एवढंच समाधान. १६९४ च्या सुमारास जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या मठांत अशाच पोटातल्या कळांची साथ आली. एबरहार्ड गोकेल नावाच्या डॉक्टरने बघितलं की जे साधू वाईन घेत नव्हते ते धडधाकट होते. मग तो वाईनच्या मागे लागला. आंबट वाईन गोड करण्यासाठी व्यापारी त्यात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मवजा पूड, घालत होते. खाणीतल्या शिशाच्या धुराने मजुरांना असाच आजार होतो हे एका दुसऱ्या डॉक्टरने ४० वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. गोकेलने ते वाचलेलं होतं, म्हणून त्याला दुवा जुळला. १६९६ मध्ये तिथल्या ड्यूकने अशी भेसळ करणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. तरी १७६७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज बेकरला डेव्हन परगण्यातल्या सफरचंदाच्या सायडरमध्ये पुन्हा तेच शिसं सापडलं. रोमनांच्या शिशाच्या कढईपासून इथवर सतरा शतकं गेली होती.

"रोमन साम्राज्य शिशामुळे कोसळलं" असं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं असेल. १९८३ मध्ये एका संशोधकाने रोमन उमरावांच्या गाऊटचं आणि विक्षिप्तपणाचं खापर शिशावर फोडलं, तेव्हापासून ही गोष्ट फार लोकप्रिय झाली. मला ती पटत नाही. पॉम्पेईशेजारच्या हर्क्युलेनियममध्ये समुद्रकाठच्या कमानींत सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. त्यातल्या काहींच्या हाडांत शिसं बरंच होतं, पण सरसकट सगळ्यांच्या नव्हतं. शिवाय साम्राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग पुढे हजार वर्षं टिकला. माणसं आजारी पडली असतील, मुलांचं नुकसान झालं असेल. पण साम्राज्यं कोसळायला एवढी सोपी कारणं नसतात. पॉम्पेईच्या रस्त्यांच्या कडेला शिशाचे नळ आजही दिसतात, गाइड तुम्हाला ते हमखास दाखवेल आणि हीच गोष्ट सांगेल. त्याला सांगा की तिथल्या क्षारयुक्त पाण्याचा थर नळाच्या आत जमत असे, त्यामुळे नळापेक्षा कढई जास्त धोक्याची होती.

शिसं आज संपलंय असं मात्र समजू नका. २०२० च्या युनिसेफच्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, म्हणजे दर तीन मुलांत एक. बॅटऱ्यांची भंगारभट्टी, जुना रंग, पिवळाधमक दिसावा म्हणून हळदीत घातलेलं लेड क्रोमेट, आणि कल्हईच्या कथलात मिसळलेलं स्वस्त शिसं. कल्हई करणाऱ्याकडून शुद्ध कथलाची खात्री करून घ्या. घरातल्या मुलाला कारण न सापडणारं पोट दुखत असेल आणि रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात किंवा शेजारी असं काही काम चालतं का.

आता काकूंचा प्रश्न. वाईन हृदयाला चांगली, हा समज ज्या जुन्या अभ्यासांवर उभा आहे त्यांत एक खोट होती. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे पिणं सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे पिणारे आपोआप निरोगी दिसले. अल्कोहोल हे कर्करोग घडवणारं म्हणून १९८८ पासून नोंदलेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. काकूंना मी सांगितलं: फॅटी लिव्हर आहे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, सकाळभर उन्हात दगडी रस्त्यावर चालणं आहे, तर रिकाम्या पोटी तर मुळीच नको. आणि टेस्टिंगला टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, वाईनचे जाणकारसुद्धा ते बिनदिक्कत वापरतात. वॉरफरिन किंवा मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांनी मात्र ग्लासला हातच लावू नये.

सहलीच्या आधी किंवा नंतर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढा. पॉम्पेईच्या 'सर्जनच्या घरा'त सापडलेली हत्यारं तिथे आहेत. चिमटे, सुया, धातूच्या नळ्या पाहून आजचा सर्जनही थबकेल. जखमा धुवायला त्या काळी वाईन वापरत, आणि आम्लामुळे थोडाफार उपयोग होतही असेल.

तिथेच हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, वीतभर उंचीची, अंगावर भरपूर दागिने आणि दोन्ही बाजूंना दासी. १९३८ मध्ये ती पॉम्पेईत सापडली, आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. त्या काळी इटलीची वाईन जहाजांतून भडोचला उतरत असे, आणि वाईनच्या त्या मातीच्या भांड्यांची खापरं तेरला मिळालेली आहेत. काकूंनी मूर्तीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "डॉक्टर, ही तर आपल्याकडची!"